आठ तासांचा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घ्यायला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा वाद पेटलेला आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहणार, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागणार, हे मी वाचलंय. पण काकांचा मुद्दा वेगळा आहे. "जर्मनी आधी राबराब राबला, श्रीमंत झाला, मग आठ तासांवर आला. आपण आधीच आराम मागतोय."

मी जर्मनीतल्या येना शहरात राहतो. काकांना उत्तर देण्याइतका पुरावा माझ्या रोजच्या वाटेवर आहे. इथे एका दगडी स्मारकावर एक सूत्र कोरलंय: साध्या प्रकाशाने सूक्ष्मदर्शकातून किती बारीक पाहता येईल, याची मर्यादा सांगणारं. ती साधारण ०.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग भरते. सूत्र अर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञाचं, १८७३ सालच्या त्याच्या सिद्धांतातून आलेलं.

आबे १८४० साली आयझेनाखला जन्मला. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाला चौदा-चौदा, सोळा-सोळा तास, उभ्याने, जेवणाची सुट्टी नाही. पाच ते नऊ वर्षांचा असताना हा पोरगा त्यांचा डबा घेऊन गिरणीत जायचा. वडील यंत्राला टेकून घाईघाईने जेवायचे, रिकामा डबा त्याच्या हातात द्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. आबेने ही आठवण १९०१ साली एका व्याख्यानात सांगितली. वडील त्याच्यापेक्षा अर्धा हात उंच, अंगाने दणकट, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दिसायला म्हातारे. हे वाचताना मला आमचे आजोबा दिसले. लोअर परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. भोंगा व्हायच्या आत खानावळीतला डबा कसा संपवायचे, ते आजी सांगायची.

पुढे हा मुलगा येना विद्यापीठात शिकवू लागला. तिथला यंत्रकार कार्ल झाइस १८६६ साली त्याच्याकडे आला. तोवर सूक्ष्मदर्शकाची भिंगं घासून, लावून, पुन्हा घासून जमवत असत. आबेने आधी गणित मांडलं, मग भिंग घडवायला सांगितलं. १८७२ पासून झाइसच्या कारखान्यातल्या सूक्ष्मदर्शकांची भिंगं गणितावर बनू लागली. हवी तशी काच मिळेना, म्हणून १८८४ साली ओटो शॉटबरोबर काचेचा कारखानाच उभा राहिला. क्षयाचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कोखच्या हातातही आबेचीच उपकरणं होती.

झाइस १८८८ साली गेला. पुढच्याच वर्षी आबेने एक प्रतिष्ठान स्थापन केलं आणि १८९१ साली कारखान्यातला आपला वाटा त्याच्या नावे केला. १८९६ च्या नियमावलीत पगारी रजा, निवृत्तिवेतन, नफ्यात वाटा, धर्म किंवा पक्ष बघून भेदभाव नाही. शिवाय वरच्यातल्या वरच्या अधिकाऱ्याचाही पगार कामगारांच्या सरासरी कमाईच्या दहापटीहून जास्त नको. हा शेवटचा नियम मी काकांना दोनदा पाठवलाय.

आणि १ एप्रिल १९००. कामाचे तास नऊवरून आठ. आबेने हे निव्वळ दयेपोटी केलं असतं, तर मी काकांशी वाद घातला नसता. त्याने मोजलं. नगावर मजुरी मिळणारे २३३ कामगार घेतले, दर तेच ठेवले, आणि आधीच्या व नंतरच्या वर्षाची कमाई ताडून पाहिली. तासाला सरासरी ६१.९ फेनिग (जर्मन मार्कचे पैसे) होती, ती ७१.९ झाली, म्हणजे १६ टक्के वाढ. तुटलेला तास भरून निघायला साडेबारा टक्के पुरे होते. आठ तासांत नऊ तासांपेक्षा थोडं जास्तच काम झालं. तेव्हा आठ तासांचा कायदा नव्हता, तो जर्मनीत १९१८ साली आला. त्यामुळे 'आधी श्रीमंती, मग आठ तास' हे या कारखान्याला तरी लागू होत नाही.

आबेचं सगळं जसंच्या तसं चाकणला लागू पडेल, असं मी म्हणत नाही. त्याच्याकडचे कारागीर कसबी, वेग त्यांच्या हातात. असेंब्ली लाइनवर वेग पट्टा ठरवतो. आणि इथे जर्मनीतही आता दिवसाऐवजी आठवड्याची मर्यादा घालावी, असा सरकारचाच विचार चाललाय, त्यावर कामगार संघटना चिडल्या आहेत. पण दिवसाचा थकवा दिवसाच्या विश्रांतीने भरून निघाला पाहिजे, रोज थोडा थोडा उरला की माणूस झिजतो, हे आबेचं म्हणणं मला पट्ट्यावरच्या माणसालाही तितकंच लागू वाटतं. त्याला आठवड्याची बेरीज सांगून काय उपयोग? आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० साली, आबेच्याच काळात. तेव्हाही श्रीमंत होईपर्यंत थांबा, असं कुणी सांगितलं असतं तर?

आमचा आतेभाऊ चाकणला एका कारखान्यात आहे. ग्रुपवर तो कधी लिहीत नाही, म्हणून मी फोन केला. जायला एक तास, यायला एक तास, मध्ये शिफ्ट. ओव्हरटाइमचे पैसे त्याला हवेत, घराचा हप्ता आहे. मी विचारलं, "दहाव्या तासानंतर माल कसा निघतो?"

"रिजेक्शन वाढतं," तो म्हणाला. "लाइनवर सगळ्यांना माहितीये. तासागणिक लिहून कोण ठेवतंय?"