वाटेतच आहे

अहमदाबादचं जुनं शहर पायी बघायचं, एवढाच बेत होता. रात्रीची गाडी धरायची, सकाळी कालूपूर स्टेशनवर उतरायचं आणि शनिवार-रविवार कोटाच्या आतल्या पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमधून, भटकायचं. सलूनमध्ये कारागिरानं "यंदा कुठं दौरा?" विचारलं म्हणून सांगितलं, तर शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ, डोक्याला डाय थापलेल्या अवस्थेत, अख्खे माझ्याकडे वळले.

"अहमदाबाद? किती दिवस?"

माझ्या गालांवर फेस आणि गळ्यावर वस्तरा. मी कापडाखालून दोन बोटं बाहेर काढली.

"भरपूर झाले! ऐका. उतरलात की अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाच मजले खाली, पाच मजले वर, अर्धा तास. पुढे मोढेऱ्याचं सूर्यमंदिर. तिथून पाटण, राणीची वाव. वाटेतच आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघा, स्टॅच्यू ऑफ युनिटी. 182 मीटर! येता येता साबरमती आश्रम."

मोढेरा-पाटण अहमदाबादच्या उत्तरेला. पुतळा दक्षिणेकडे, दोनशेएक किलोमीटरवर. पण या माणसाच्या नकाशात सगळं वाटेतच होतं.

"जुनं शहर..." मी फेसातून म्हणालो. थोडा फेस तोंडात गेला.

"काय आहे हो त्यात? कोट कोट म्हणतात, कोट आहे कुठे?"

राग याचाच आला की हे खरं होतं. सुलतान अहमदशहानं 1411 मध्ये वसवलेल्या शहराला महमूद बेगड्याच्या काळात तट बांधला गेला, आणि पुढे तो बहुतेक सगळा पाडलाही गेला. उरलेत ते दरवाजे, रिक्षांच्या गराड्यात, आपण नेमकं काय राखतोय हे न कळलेल्या वॉचमनसारखे उभे. पण तरी युनेस्कोनं 2017 साली याच शहराला जागतिक वारसा म्हटलं, आणि तो मान मिळालेलं ते भारतातलं पहिलं शहर. हे सगळं ओठ मिटून कसं सांगणार?

"मग आत आलो हे कळायचं कसं?" कारागिरानं वस्तरा उचलून विचारलं. त्याला आता माझ्या दाढीत रस उरला नव्हता.

"रिक्षा हलेनाशी झाली की समजायचं, आत आलो."

दोघं पोट धरून हसले. माझा एक गाल झाला होता, एक राहिला होता.

"अगदीच हौस असेल तर सकाळी तासभर द्या. तीन दरवाजाला तीन मिनिटं. सिदी सय्यद मशिदीची जाळी बाहेरूनच बघा, फोटो चांगला येतो. जामा मशिदीला दहा मिनिटं. 260 खांब आहेत, मोजत बसू नका."

तीन दरवाजाला तीन मिनिटं! तिथल्या एका दगडावर मराठा अमलातला 1812 चा हुकूम देवनागरीत कोरलेला आहे: मुलीला वडिलांच्या मिळकतीतला वाटा विनाअडथळा द्यावा. दोनशे वर्षांमागे आपल्याच एका सुभेदारानं भर रस्त्यावर लावलेली ही पाटी. आजही वहिनींपासून आत्यांपर्यंत कितीजणी 'हक्कसोड'वर सही करून मोकळ्या होतात! तो दगड मला शांतपणे वाचायचा होता. गाल पुसून होताच मी तसं म्हणालो.

"वाचायला एवढ्या लांब? नेटवर असेल की."

यावर काय बोलणार. आणि हे एकटेच नाहीत. परत आल्यावर लोक काय बघितलंत हे विचारतच नाहीत, काय राहिलं ते शोधतात. "अरे, अमुक नाही केलंत? मग गेलात कशाला?" एखाद्या पोळातला लाकडी कोरीव खांब, पाखरांचा चबुतरा, घराच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारं टाकं, यांचं काय सांगायचं त्यांना? गुजराती कवी दलपतराम जिथे राहायचे तिथे त्यांचा बसलेला पुतळा आहे. त्याच्याशेजारी नुसतं बसायचं, असं मी योजलं होतं. ते कुठल्याच यादीत बसत नाही. सकाळी कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत महापालिकेची पायी सहल निघते, 1997 पासून. लोक गल्लीबोळ हिंडायला येतात म्हणूनच ना?

आमच्या घरी मात्र त्या गृहस्थांचं म्हणणं पोचलं. त्यांच्या मिसेस आणि आमची ही एकाच भिशीत. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर छापील वेळापत्रक आलं, पहाटे चारच्या प्रस्थानासकट. सासूबाईंनी लगेच होकाराचा अंगठा टाकला. शेवटच्या ओळीत 'जुने शहर : वेळ उरल्यास'. त्याखाली एक नंबर आणि सूचना: गाडीवाला ठरवून दिलाय, फक्त माझं नाव सांगा, कमी करेल.

काल त्या गाडीवाल्याचाच फोन आला. "साहब, किसकी पहचान से?"

डायवाले, असं सांगून बघितलं. त्यानं भाडं वाढवून सांगितलं.