एकोणसाठ म्हणजे पाच नऊ

विंडोजचं अपग्रेड ६४ टक्क्यांवर असताना आमच्या घरी लॅपटॉपचा प्लग काढून तिथे मिक्सरचा लावण्यात आला. कोणी लावला ते लिहीत नाही. मला याच घरात जेवायचं आहे. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारली आहे, त्यामुळे प्लग निघाला की यंत्र जागच्या जागी डोळे मिटतं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली होती, तरी मी चालढकल करत बसलो. केलं तेव्हा नेमका चटणीचा मुहूर्त गाठला.

परत सुरू केला तर निळा पडदा. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेल्या कुलपाची, रिकव्हरी की द्या म्हणे. ही की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहांचे आठ गट. ती माझ्या ऑनलाइन खात्यात होती, म्हणजे फोनवर दिसत होती. फोन ३ टक्क्यांवर. त्याच्यासाठी सॉकेट फक्त टीव्हीमागे, वायर वीतभर. आणि टीव्हीशेजारच्या खुर्चीत, आमचाच पेपर वाचत, खालच्या मजल्यावरचे काका.

काका दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेत. "दे इकडे," ते म्हणाले. "उभं आयुष्य नंबर सांगण्यात गेलंय. तू फक्त दाब."

मी डायनिंग टेबलापाशी बोट सरसावून बसलो.

"घे. एकोणसाठ, एकोणसत्तर, सत्तर."

माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. तरी 'साठ' कानावर पडलं की बोट ६ वर जातं, त्याला मी काय करू? मी ६९, ७९, ७० दाबलं. यंत्राने तिथल्या तिथे चूक दाखवली. या कीच्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो, नाही गेला की त्याला कळतं. म्हणजे यंत्रालाही भागाकार येतो, आणि इथे माझी वजाबाकीत विकेट.

"काका, एकेक आकडा सांगा ना."

"एकेकच सांगतोय. एकोणसाठ."

"म्हणजे पाच नऊ?"

"पाच नऊ चौदा. एकोणसाठ!"

"पन्नासवालं का?"

काकांनी चष्मा काढला. "तुला एकोणतीसचा पाढा येतो का रे?"

हे मुलीसमोर. ती इंग्रजी माध्यमात चौथीला आहे. "बाबा, एकोण म्हणजे मायनस वन का?" तिने विचारलं. एवढ्या चर्चेत मुद्दा फक्त तिला कळला होता.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही छापलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही चार विनोद पुढे ढकलले होते. जोडाक्षरं आणि उलटसुलट नावं यांत मुलं अडखळतात, एवढंच समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. आज पंचेचाळिशीत अडखळलो. आपण लिहितो डावीकडून आणि बोलतो उजवीकडून, आणि वर दर दहा आकड्यांमागे एक 'एकोण' दबा धरून बसलेला. हा भाषेचा अभिमान वगैरे ठीक आहे, पण चार हजार फोटो कुलपात अडकलेत तेव्हा कोणी तो दाखवू नये.

पाचव्या गटाच्या मध्यावर काका थांबले. "तुमचा गॅस उद्या येतोय."

"काका, मेसेज नका हो वाचू."

"वरून आपोआप आला. मी कशाला वाचू? बरं, मेव्हण्याला पैसे दिलेस का? तो विचारतोय."

इथे स्वयंपाकघरातून मान बाहेर आली. तो विषय वेगळा आहे.

आठवा गट काकांनी खड्या आवाजात, ट्रंक कॉल लावल्यासारखा सांगितला. समोरच्या बाल्कनीतल्या वहिनींनी कपडे वाळत घालता घालता तो माझ्याआधी बरोबर म्हणून दाखवला. डिस्कला कुलूप आहे आणि किल्ली अख्ख्या बी विंगला पाठ आहे.

की लागली. वर्तुळ फिरू लागलं, 'केलेले बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाचं काहीतरी आलं, आणि पावणेदोन तासांनी विंडोज १० जसं होतं तसं समोर उभं राहिलं.

"म्हणजे काहीच झालं नाही?" काका म्हणाले.

"नाही."

"मग परत करशील तेव्हा हाक मार. मंगळवार सोडून." आणि पेपर काखेत मारून गेले. शब्दकोडं मी अजून उघडलंही नव्हतं.