पुढचा जन्म इंग्लंडात घ्यायचा असेल तर

मालिकांमधली हिरवी कुरणं, दगडी चर्चं आणि लेसच्या टोप्या घातलेल्या बाया पाहून व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एखाद्या इंग्लिश खेड्यात जन्म घ्यावा असं तुम्हाला वाटत असेल, तर खुशाल घ्या. फक्त घर बघून घ्या.

शक्यतो जमीनदाराच्या पोटी या, आणि थोरले होऊनच या. धाकट्यांना इस्टेट मिळत नाही. त्यांना पाद्री तरी व्हावं लागतं, नाहीतर हिंदुस्थानात येऊन आपल्यावर राज्य करावं लागतं. नाइलाज असतो बिचाऱ्यांचा.

नंबर नाही लागला आणि १८४० च्या सुमारास डॉर्सेटमधल्या शेतमजुराच्या घरी पोहोचलात, तरी खचू नका. आठवड्याला सात-आठ शिलिंग मिळतात. राहतं घरही बऱ्याचदा मालकाचंच, त्यामुळे त्याच्याशी भांडलात की नोकरी आणि बिऱ्हाड दोन्ही एका दिवसात उरकतं.

मटणाची आठवण झालीच, तर बाहेर ससे बागडताना दिसतील. तुमच्याच परसातला कोबी फस्त करून ते पलीकडे गेलेले असतात, पण म्हणून ते तुमचे होत नाहीत, जमीनदाराचेच राहतात. रात्री फासा लावलात, तर १८२८ च्या कायद्यानं पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, दुसऱ्या खेपेला सहा, आणि तिसऱ्या खेपेला सात वर्षांपर्यंत काळं पाणी. ऑस्ट्रेलिया बघायला लोक आज केवढे पैसे मोजतात! मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बहुधा जमीनदार नाहीतर पाद्रीच बसलेला असतो, तेव्हा सशाची बाजू ऐकून घेतली जाईल याची खात्री बाळगा. आणि हो, १८६२ नंतर पोलीस नुसत्या संशयावरून भर रस्त्यात झडती घेतात. कोटाला खोल खिसे शिवून घेऊ नका.

म्हातारपणाची काळजी सरकारला आहेच. वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या सरकारी घरात, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे; चाळीस वर्षं भांडलेल्या जोडप्यांची छान सोय. हातांना कामही देतात. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरला खतासाठी हाडं कुटायला बसवत. भुकेलेली माणसं त्याच कुजक्या हाडांतला मगज चोखायची, हे १८४५ मध्ये बाहेर आलं आणि साहेबलोक हादरले. आपल्या खतातलं कोणी खातं, हे कोणाला आवडेल?

माझं ऐकाल, तर माणसाच्या वाटेला जाऊच नका. फेझंट व्हा, म्हणजे जमीनदार शिकारीसाठी पाळतात तो पक्षी. कोंबडीखाली अंडं उबवतात, पिल्लाला वेळच्या वेळी दाणापाणी होतं, राखणीला पगारी माणूस असतो. एक ऑक्टोबरपासून शिकार सुरू होते म्हणा, पण गोळी घालायला खुद्द लॉर्डसाहेब चिखल तुडवत येतात. मजुराच्या मयताला येतात का?