छिंग घराण्याचा खरा संस्थापक होंग ताईजीच

चीनवर राज्य करणाऱ्या शेवटच्या, म्हणजे छिंग घराण्याचा विषय निघाला की लोक नुरहाचीचं नाव घेतात, नाहीतर बीजिंग घेणाऱ्या त्याच्या मुलाचं, दोर्गोनचं, आणि मधला होंग ताईजी कायम मागे पडतो. मला हे अजिबात पटत नाही.

नुरहाची मोठाच. बाप-आजा तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मिंगांच्या फौजेकडून मारले गेले, त्यानंतर चीनच्या ईशान्येकडच्या विखुरलेल्या जुर्चेन टोळ्या एक करून आठ बॅनरची, म्हणजे आठ निशाणांखाली वाटलेली फौज उभी केली त्याने. पण मिंगांचा लियाओदोंग हा मुलूख जिंकल्यावर तिथली हान, म्हणजे चिनी जनता सांभाळणं काही जमलं नाही, बंड झालं की कत्तल, आणि शिकलेल्या माणसांवर तर जास्तच संशय. 1626 ला तो गेला तेव्हा मुलूख नुसता धुमसत होता.

गादीवर आला आठवा मुलगा होंग ताईजी, आणि तीही नावापुरतीच, कारण दरबारात बाकी तीन मोठे बेइले (राजपुत्र) त्याच्या बरोबरीने बसायचे. यातला अमीन 1630 ला कैदेत गेला, मांगुलताईने रागात त्याच्यासमोर तलवारीला हात घातला आणि पद घालवून बसला, मग 1632 पासून दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे राजाच्या मानाने, हा एकटाच बसायला लागला! सहा वर्षं लागली त्याला त्या एका आसनासाठी, पण घाई केली नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती 1629 ची परीक्षा. गुलाम झालेल्या हान विद्वानांना परीक्षेला बसू दिलं आणि सुमारे 200 जण पास होऊन सुटले, बापाने ज्यांना मारलं त्यांच्यातूनच याने कारभारी उभे केले. 1631 ला मिंगांसारखी सहा खाती काढली, त्याच वर्षी स्वतःच्या तोफा ओतून घेतल्या, कारण निंगयुआनच्या लढाईत मिंगांच्या तोफांपुढेच बाप हरला होता. 1635 ला लोकांना मांचू हे नाव दिलं, 1636 ला राज्याला छिंग.

संत नव्हता तो. कोरियाच्या राजाला स्वतःपुढे जमिनीला डोकं टेकायला लावलं, राजपुत्र ओलीस नेले, उत्तर चीनमध्ये त्याच्या स्वाऱ्यांनी गावंच्या गावं लुटली, याचं समर्थन मी करणार नाही. पण हाच माणूस 1641 ला मिंगांशी सोंगशानची लढाई चालू असताना लाडकी राणी हायलानझू आजारी आहे कळताच घोडा फेकत राजधानी मुकदेनला निघाला, आणि पोचायच्या आत ती गेली होती.

1643 ला तो वारला. पुढच्या वर्षी मिंगांचा सेनापती वू सानगुई याने चीनच्या भिंतीतली शानहाय खिंड उघडली हे खरं, पण त्यातून आत शिरलेली फौज, तोफा, हान अधिकारी, सगळं होंग ताईजीनेच तयार करून ठेवलेलं होतं, दोर्गोनने फक्त चाल केली.