सफारीच्या यादीत जे कधीच लिहिलेलं नसतं

आज सकाळी सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. आमच्या विंगमधल्या दोघी-तिघी ऑगस्टमध्ये केनियाला चालल्यात, त्यांच्या टूरवाल्यांनी पाठवलेली 'तयारीची यादी'. अकरा पानं! त्यातली पाच पानं कुठल्या दिवशी कुठला रंग घालायचा यावर. पहिला दिवस पांढरा, दुसरा 'अ‍ॅनिमल प्रिंट', तिसरा नेव्ही ब्लू, शेवटच्या रात्री लाल. टोपी कशी, गॉगल कसा, रीलसाठी जीपच्या टपातून हात कसे पसरायचे, त्याचेसुद्धा फोटो. मी चष्मा लावून अकराच्या अकरा पानं वाचली. एक शब्द शोधत होते. कुठेच नाही.

लघवी.

हो, लिहिला. ज्यांना कसंसं होतंय त्यांनी खुशाल पुढे जावं, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो असेलच खाली. बाकीच्यांनी थांबा, कारण मी आज तापलेय.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आणि ताई केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात गेलो होतो. ताई ६१ वर्षांची, बँकेतून निवृत्त, आयुष्यातली पहिली परदेशवारी. तिला एकच गोष्ट बघायची होती, कळपाने नदी ओलांडणारे विल्डेबीस्ट, ती गाईसारखी दिसणारी आफ्रिकन हरणं. टीव्हीवर लागलं की ती डोळ्यांवर हात ठेवायची आणि बोटांच्या फटीतून सगळं बघायची. आणि जेव्हा ते खरोखर झालं, आमच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा ताई कुठे होती? कॅम्पवर, तंबूत, दोन गोधड्या घेऊन तापाने फणफणलेली. युरिन इन्फेक्शन. सलग दोन दिवस बाई पाणीच प्यायली नव्हती.

का? तर 'ड्रायव्हरला कसं सांगायचं गं, पुरुषमाणूस.'

आता ज्यांना वाटतं सफारी म्हणजे तासभर फेरी मारून परत रिसॉर्टवर, त्यांच्यासाठी सांगते. २०२४ पासून माराचं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर आहे. तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्यासाठीच. दोनशे डॉलर भरल्यावर दुपारी जेवायला कॅम्पवर परत येईल असा मराठी माणूस मला दाखवा. डबा बांधून घ्यायचा आणि दिवसभर बाहेर. गेटवर स्वच्छतागृह आहे, लॉजवर आहे. मधे काय, तर गवत. लांबच्या लांब गवत, एखादं बाभळीसारखं झाड, आणि त्या झाडाखाली कोण झोपलंय ते त्यालाच माहीत. नदीकाठी तर आणखी पंचाईत. प्राणी पाण्याशी येतात, थबकतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. दोन-दोन तास, तीन-तीन तास तीस-चाळीस गाड्या इंजिन बंद करून उभ्या. तुमची गाडी जागा सोडून हलली की संपलं. अशा वेळी सहा जणांच्या गाडीत 'मला जायचंय' म्हणायला ५६ इंची छाती लागते. ताईची नव्हती.

तर माझी यादी ही. फुकट. रंगाचं थोतांड नाही.

आधी तेच, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. पाणी प्यायचं. भरपूर. सोबत ओआरएसची पाकिटं. गाडीत बसताबसताच ड्रायव्हरला सांगून टाकायचं की आम्हाला दर दोन-अडीच तासांनी थांबावं लागेल. तिकडे याला चक्क एक बोली आहे, 'टायर चेक करायचाय.' एवढं म्हटलं की त्याला कळतं. तो उघडी जागा बघतो, दुर्बिणीतून चहूकडे पाहतो, मग सांगतो, गाडीच्या मागे, चाकाला चिकटून. झुडुपाआड जायचं नाही! आपल्याला आडोसा म्हणजे झुडूप वाटतं, तिथे नेमका त्याच झुडुपाचा आडोसा सिंहिणीलाही लागतो. तो सांगेल तिथेच उतरायचं, स्वतःच्या डोक्याने दार उघडायचं नाही. लांब कुर्ता किंवा घेरदार स्कर्ट घाला, त्याचाच पडदा होतो. आमची आजी नऊवारीत शेतात दिवस काढायची, तिला कुठल्या पीडीएफची गरज पडली नाही. उभ्याने वापरायची ती नरसाळ्यासारखी वस्तू हल्ली कुठेही मिळते, ती घ्या आणि घरी बाथरूममध्ये दोन-तीनदा सराव करून जा. हसू नका. वापरलेले टिश्यू, पॅड तिथे टाकायचे नाहीत, एक झाकणाचा डबा ठेवा आणि सगळं परत आणा. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नेऊच नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे. चिवडा-चकली डब्यात न्या. आणि एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही अभयारण्यांत चालत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली.

ताईची स्टीलची बाटली संध्याकाळी सकाळइतकीच भरलेली असायची. मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे नुसती नजर जात होती.

पुढे. त्या नेव्ही ब्लू दिवसाबद्दल. ज्या कोणी ही थीम काढली त्याला माझा साष्टांग नमस्कार. आफ्रिकेत त्से-त्से नावाची माशी असते, कपड्यावरूनही डसते, आणि तिला सगळ्यात जास्त ओढ गडद निळ्या आणि काळ्या रंगाची. ती मारायला जे सापळे लावतात ते याच रंगांच्या कापडाचे असतात. म्हणजे तुम्ही पंचवीस बायकांना सापळ्याचं कापड नेसवून जंगलात नेताय. खाकी, मातकट, फिकट हिरवा, बस्स. लष्करी छापाचे कपडे तर अजिबात नकोत, तिकडे ते सामान्य माणसाने घालणं चालत नाही.

आणि थंडी. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' हे आपल्या डोक्यात कोणी भरवलंय देव जाणे. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. माराही पठारावरच. जुलै-ऑगस्ट हे त्यांचे गारठ्याचे महिने. पहाटे उघड्या टपाची गाडी, समोरून वारा, आणि आमच्या गाडीतल्या एक वहिनी स्लीव्हलेसमध्ये. स्वेटर, कानटोपी, मोजे. दहानंतर सगळं उतरवायचं, म्हणून एकावर एक घाला. धुळीसाठी ओढणी. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा. आणि मैत्रिणींनो, स्पोर्ट्‌स ब्रा. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तास, आणि आत शिरल्यावर जे हाडं खिळखिळी करणारे रस्ते आहेत, त्यावर दिवसभर. कमरेचा पट्टा असेल तर लाजू नका, लावा. गाडीची पायरी उंच असते, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आधीच एखादा स्टूल मागून ठेवावा. आमच्या ड्रायव्हरकडे होता, मागितल्यावर काढला.

बरं, एक मान्य करते, तोंड वाकडं करून का होईना. या रंगीबेरंगी टूर नसत्या तर आमच्या विंगमधल्या त्या दोघी आयुष्यात केनियाला गेल्या नसत्या. नवरे नेणार नव्हते, मुलांना वेळ नाही. फोटोही छान येतात, ताईचा पांढऱ्या शर्टातला एक मीच फ्रेम केलाय. ठीक आहे. पण म्हणून अकरा पानांत दोन ओळी लिहायला काय धाड भरली होती?

आमच्यासोबत असलेला टूर मॅनेजर, सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, स्वभावाने गुणी. ताई आजारी पडल्यावर त्याने रात्री तीन वेळा गरम पाणी आणून दिलं. मी त्याला विचारलं, अरे तुमच्या ब्रीफिंगमध्ये हे का सांगत नाही? तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, 'काकू, मी कसं बोलणार?' म्हणजे ताई त्याच्यासमोर लाजतेय, तो ताईसमोर लाजतोय, आणि मधल्या मधे मूत्रपिंडाचे हाल.

मुंबईत बायकांना स्वच्छतागृहांसाठी 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) नावाने चळवळ करावी लागली ती २०११ पासूनची. ती शहराची गोष्ट, म्युनिसिपालिटीची गोष्ट. पण ही सवय आपण पासपोर्टसोबत बॅगेत भरून नेतो त्याचं काय करायचं?

कागदपत्रांचं पटकन सांगते. व्हिसाऐवजी आता ई-टीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी. यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांचा विलगीकरणाचा पाहुणचार मिळू शकतो. पण साठीच्या पुढच्यांनी ही लस डोळे मिटून घ्यायची नाही, आधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोला, त्या वयात दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो. ताईचे डॉक्टर अर्धा तास विचार करून मग हो म्हणाले होते. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा, मैत्रिणीला नाही. आणि घरून निघतानाच लघवीच्या इन्फेक्शनचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमच्याकडे ते होतं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करता आलं, नाहीतर तिथून नैरोबी गाठायचं म्हणजे दिवस गेला असता. विम्यात विमानाने हलवण्याची सोय आहे का ते बघा. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या. ड्रायव्हरची टीप पाकिटात वेगळी काढून ठेवा आणि त्यात घासाघीस करू नका, प्लीज.

आणखी एक. बीपीची जी गोळी घेतली की सारखं जावं लागतं, ती ताईने त्या दोन दिवसांत बंद केली होती. मनानेच. मला तिने हे चौथ्या दिवशी सांगितलं. सांगताना हसत होती.

इथपर्यंत टूरवाल्यांवर भरपूर तोंडसुख घेतलं. आता खरं लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी माझ्या बेडरूममध्ये बॅगा भरत होतो. ताई म्हणाली, 'जंगलात बाथरूमचं कसं असतं गं?' आणि मी, जिने आज अकरा पानांचा पंचनामा केलाय ती मी, बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाले, 'अगं, पाणी जरा बेतानेच पी ना. एवढं काय त्यात.'

हेच वाक्य आईचं. एसटीने आजोळी जाताना सकाळपासून आम्हाला घोटभर पाणी मिळायचं. स्टँडवरच्या त्या मुताऱ्या आठवा, म्हणजे आईला दोष देता येत नाही. पण ताईने लहानपणी आईचं ऐकलं आणि म्हातारपणी माझं. मीही कमीच पीत होते, माझं निभावलं. तिचं नाही.

आणि त्या दिवशी मी तिला तंबूत ठेवून गेले. तीच म्हणाली, 'जा, दोनशे डॉलर भरलेत.' अडीच तास थांबलो. मग एकाने उडी मारली आणि मागून धरण फुटल्यासारखे सगळे. धूळ, हंबरडे, पाण्याचा आवाज. गाडीतले सगळे ओरडत होते. मी मोबाइल धरला होता, ताईसाठी. तो व्हिडिओ तिने अजून पूर्ण बघितलेला नाही. हलतोय म्हणते. हलतोच आहे.

ड्रायव्हरने विचारलं, मामा कुठे? (तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात. ताईला पहिल्या दिवशी ते भयंकर खटकलं होतं. 'मला मामा काय म्हणतो हा!') मी सांगितलं, डोकं दुखतंय तिचं. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी, आमच्या शेवटच्या सकाळी, ताई ताप उतरून गाडीत बसली, तर त्याने आधी तिची बाटली हातात घेतली, हलवून बघितली, भरलेली आहे हे पाहिलं आणि तिच्या हातात परत दिली. 'मामा, हे प्यायचं. टायर माझे आहेत, मी दहा वेळा चेक करीन.' त्याची आई ताईच्याच वयाची, हे त्याने नंतर सांगितलं. त्याने माळावर मोकळी जागा बघून गाडी थांबवली, सगळीकडे दुर्बीण फिरवली, आणि स्वतः बॉनेटपुढे पाठ करून उभा राहिला, कसलंसं गाणं गुणगुणत, म्हणजे त्याला काही ऐकू येत नाही हे आम्हाला कळावं.

ताई गेली. बराच वेळ आली नाही. मला धडकी भरली. मी हाक मारणार तेवढ्यात बाई कुर्ता सारखा करत आली, चेहरा फुललेला.

'अगं, समोर जिराफ उभा होता. लांब, पण सरळ माझ्याकडेच बघत होता मेला.'

संध्याकाळी हे सगळं लिहून झाल्यावर ताईला फोन करून वाचून दाखवलं. इन्फेक्शनचं लिहिलंय, चालेल ना, म्हटलं. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, 'टाक. पण जिराफाचं काढू नकोस. आणि त्या दोघींना माझा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी.'