सायटेशनचा आकडा आणि सत्काराचा फलक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. आपल्या भागातल्या एका वैद्यकीय संशोधकाच्या सत्काराच्या फलकावर एच-इंडेक्स आणि सायटेशन, म्हणजे त्यांच्या पेपरांचा इतर संशोधकांनी किती वेळा संदर्भ दिला त्याचे आकडे, ठळक छापले होते. त्यांनी नेमकं काय शोधलं ते कुठेच नव्हतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपलं म्हणणं : सीमाभागातला मराठी पोरगा वर गेला की आपलीच माणसं पाय ओढतात, आकडा कुणाच्या वशिल्याने वाढत नाही, आणि ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्याने संशोधनावर बोलू नये.

शेवटचं आधी घेतो. पुस्तकं लावतो हे खरं. पण वैद्यकीय ग्रंथालयात प्रमोशनच्या दिवसांत हेच आकडे काढून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. हे संदर्भ मोजून देणाऱ्या दोन ऑनलाइन सोयी आहेत, गूगल स्कॉलर आणि स्कोपस. एकाच डॉक्टरांचा आकडा गूगल स्कॉलरवर एक, स्कोपसवर बहुतेक वेळा त्याहून कमी, कारण गूगल प्रबंध, प्रीप्रिंट (नियतकालिकात छापून येण्याआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) असलं बरंच काही मोजतं. आणि बेळगावात ‘पाटील एस.’ किती असतील सांगा! दुसऱ्या पाटलांचे पेपर भलत्याच पाटलांच्या खात्यात जमा झालेले मी पाहिलेत. ज्यांच्या खात्यात जमा होतात, ते सहसा तक्रार घेऊन येत नाहीत.

एच-इंडेक्स २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. ३० म्हणजे किमान ३० वेळा संदर्भ मिळालेले ३० पेपर. त्यात आपलं नाव पहिलं, शेवटचं की मोठ्या यादीत मध्येच कुठेतरी, याची नोंद नाही. जगभरातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’च्या पेपरांना शेकडो लेखक असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात सगळी सायटेशन पडतात. संदर्भ कशासाठी दिला, तेही आकडा सांगत नाही. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफील्डचा १९९८ चा पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्याचे संदर्भ हजारोंनी आहेत, बहुतेक त्याला खोडून काढणारे. उलट कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याचं विष दाखवून दिलं, तेव्हा फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही. ते १९८५ मध्ये गेले. आपल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत फेलो केलं नाही.

आता पाय ओढण्याविषयी. बेळगावात झालेल्या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो कशाचा ते सांगतो. बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन चांगलं, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचणारं माणूस लागतं. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना यातलं काही लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर या गोळ्यांचा अभ्यास झाला : काहींना ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडाने, काहींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. देणाऱ्या होत्या एएनएम सिस्टर, म्हणजे खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या परिचारिका.

रक्त मोजलं कसं, हे मला सगळ्यात भारी वाटतं. बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकचा कागद सरकवायचा, त्याचे पट्टे पोटाभोवती बांधायचे. कागदाचं खालचं टोक निमुळत्या पिशवीसारखं, तिच्यावर मापाच्या खुणा. ‘बरंच गेलं हो’ असं अंदाजपंचे सांगण्याऐवजी सिस्टरांनी आकडा वाचायचा. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. म्हणजे साधारण १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो. २००६ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. या पेपरलाही सायटेशन भरपूर आहेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या सिस्टरांचा एच-इंडेक्स कुणी काढायला येत नाही, एवढंही लक्षात असू द्या.

‘मग फलकावर छापायचं तरी काय?’ असं आपण विचारलंत. त्या डॉक्टरांच्या पेपरांची यादी असेल तर पाठवा. त्यांचं नाव पहिलं किंवा शेवटचं असलेले पेपर मी वेगळे काढतो, कारण आपल्या या क्षेत्रात काम करणारा पहिला आणि करवून घेणारा शेवटी, अशी साधारण रीत आहे. त्यातला एखादा त्यांनाच विचारून साध्या मराठीत चार ओळींत लिहू. खानापुरातला सत्कार अजून व्हायचा आहे ना? प्रेसवाल्याला आठवडाभर थांबायला सांगा.