पडद्याच्या अलीकडे

जावयाच्या खात्यात विमान कंपनीचे माइल्स साठले होते, त्यांत आमच्या दोन तिकिटांपैकी एकच बिझनेस क्लासमध्ये सरकलं. मुंबई ते न्यूअर्क, सलग पंधरा तास. "तुम्ही बसा पुढे, तुमची कंबर," ही म्हणाली. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण ती "बरं" म्हणाली तर काय, या भीतीने गप्प बसलो. त्या न म्हटलेल्या तिसऱ्या 'नको'ची ही हकीकत आहे.

विमानाच्या दारात आमची फाळणी झाली. मी डावीकडे, ती उजवीकडे. जाताना तिने कंबरेच्या गोळ्या माझ्या हातात कोंबल्या आणि चिवड्याचा डबा स्वतःकडे ठेवला. "तुम्हाला तिथे देतीलच की खायला!"

माझी सीट म्हणजे छत नसलेली खोली होती. बँकेत तीस वर्षं कॅशियरच्या पिंजऱ्यात काढली, निवृत्तीनंतर पुन्हा पिंजऱ्यातच आलो. फरक एवढाच की इथे बटणं होती. पहिलं दाबलं तर दिवा लागला. दुसरं दाबलं तर पाय आपोआप वर गेले. तिसऱ्याने शेजारची भिंत सर्रकन खाली गेली आणि पलीकडचे कोटवाले गृहस्थ दिसले. न्हाणीघराचं दार चुकून उघडणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंत वर घेतली. पंधरा तासांत आमचा तेवढाच परिचय झाला.

मग हवाईसुंदरी आली आणि चक्क गुडघे टेकून, आडनावाने हाक मारून, काय घेणार म्हणून विचारू लागली. लेकीच्या वयाची मुलगी! मी पटकन उठून उभा राहिलो. मी उठलो म्हणून ती उठली. मग मी बसलो, तर ती पुन्हा खाली. असं दोनदा झाल्यावर, ती जे म्हणेल ते घेईन, असं मी सांगून टाकलं.

जेवणाचं तर विचारूच नका. आपल्या पंगतीत सगळं कसं डोळ्यांसमोर असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. माणसाला आपल्या पोटाचा अंदाज बांधता येतो. इथे टेबलावर पांढरंशुभ्र कापड घातलं आणि पाव ठेवला. पुढे काही येईना. बहुतेक एवढंच असावं, असं समजून मी चार पाव संपवले. त्यानंतर सूप आलं, मग सॅलड, मग वरण-भात-पनीर आणि मग चीज. प्रत्येक वेळी ताटली न्यायला आलेली मुलगी काळजीने विचारायची, "आवडलं नाही का?" वरण तसं अळणीच लागलं, पण तो आचाऱ्याचा दोष नव्हे. विमानातला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढाच ठेवतात, आणि आपलं कळसूबाईचं शिखरसुद्धा 5,400 फुटांवर संपतं. त्या दाबात आणि तिथल्या कोरड्या हवेत जिभेला मीठ-साखर कमीच कळते. अशा वेळी खरा उपाय लिंबाचं लोणचं. ते अडतिसाव्या रांगेत, चिवड्याच्या डब्याशेजारी होतं.

खरी पंचाईत झोपेची. पूर्ण सपाट होणारा बिछाना बिझनेस क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजने 2000 साली आणला, तेव्हापासून श्रीमंत लोक आकाशात आडवे होतात. मला ते जमेना. झोपलो तर ही सगळी चैन झोपेत वाया जाणार, आणि जागा राहिलो तर साडेसहा फुटांची गादी वाया जाणार. या हिशोबात दोन तास गेले. शेवटी आडवा झालो, तर पाय पुढच्या सीटखालच्या एका खबदाडात घालायचे होते. कुशीवर वळलं की गुडघा आपटायचा. आणि डोळे मिटले की ही दिसायची, एकतीस इंचांत अंग चोरून बसलेली.

शेवटी उठलो. रुमालात अक्रोड आणि चार चॉकलेटं बांधली आणि पडदा सारून मागे गेलो. ही मधल्या सीटवर होती. एका बाजूला आणंदच्या एक बेन. दोघींच्या मध्ये चिवडा, थेपले आणि माझं लोणचं मांडलेलं. हिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर गाढ झोपलेलं.

"अहो, इकडे कुठे? हळू बोला, आत्ता डोळा लागलाय त्याचा."

मी रुमाल पुढे केला. बेननी त्यातलं एक चॉकलेट घेतलं आणि मला अर्धा थेपला दिला. मी उभ्याउभ्याच खाल्ला. पूर्ण प्रवासात चव लागलेला तो एकच घास.

परत येताना मी हवाईसुंदरीला विचारलं, आम्हा नवराबायकोला जागा बदलता येतील का? ती गोड हसून म्हणाली की नियमात बसत नाही. ते ऐकून मला जे हायसं वाटलं, ते मी हिला अजून सांगितलेलं नाही.

न्यूअर्कला सामानाच्या पट्ट्यापाशी भेटलो. ही टवटवीत, मी कंबर धरून. बॅगा येईपर्यंत तिने माझी झडती घेतली. मोजे, डोळ्यांची पट्टी, बोटभर टूथपेस्ट, सगळं तिच्या पर्समध्ये गेलं.

"आणि मीठ-मिरीच्या त्या छोट्या बाटल्या? बेन सांगत होत्या, फार गोड असतात म्हणून."

"अगं, त्या त्यांच्या असतात."

मग मी तिला व्हर्जिन अटलांटिकची गोष्ट सांगितली. त्यांच्या विमानातल्या मीठ-मिरीच्या दाण्या प्रवासी इतक्या पळवायला लागले, की कंपनीने त्यांच्या तळावर 'व्हर्जिन अटलांटिकमधून ढापलेली' असंच छापून टाकलं.

ही विचारात पडली. ट्रॉली ढकलत लेकीच्या दिशेने निघालो, तेव्हा म्हणाली, "परतीला मी बसते पुढे. कंबर तोवर बरी होईल ना तुमची?"